कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता अॅटोर्व्हास्टॅटिन बंद करू का?

नाही, स्वतःहून अजिबात करू नका. रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळी चालू आहे म्हणूनच. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याचं काम ती मंदावते. थांबवलीत की काही आठवड्यांत एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) पुन्हा वर चढतं, आणि ते चढताना काहीच जाणवत नाही. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून विचारा.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या औषधांची. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं, तर या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. माझे बाबा स्ट्रिपमधून गोळ्या कापून स्टीलच्या डबीत ठेवायचे. नाव कापलं गेलेलं, नुसता चंदेरी तुकडा! नव्या डॉक्टरांना काय दाखवणार? आता अख्खी स्ट्रिपच सोबत नेतो. आयुर्वेदिक चूर्ण, काढे घेत असाल तर तेही सांगा.

अॅटोर्व्हास्टॅटिन सकाळी घ्या नाहीतर रात्री, फक्त वेळ रोज एकच ठेवा. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

मांड्या-खांदे कारण नसताना दुखायला लागले, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घरात कुणी गरोदर असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर तिने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.