चरबीच्या गाठी आणि ‘विरघळवणारे’ इंजेक्शन

चरबीच्या गाठी आणि त्या विरघळवण्याच्या इंजेक्शनविषयी पुन्हा पुन्हा पत्रे येत आहेत, म्हणून ती आज एकत्र घेतो.

प्रश्न : दंडावर लिंबाएवढी चरबीची गाठ आहे. व्यायाम केला, तेल-तूप बंद केले, तर ती जिरेल का? (सिन्नर)

उत्तर : नाही, हळदीच्या लेपानेही नाही.

प्रश्न : ‘विनाटाका, विनाऑपरेशन गाठ गायब’ अशी जाहिरात पाहिली. इंजेक्शन घ्यावे का? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : तपासणीशिवाय मुळीच नको. या इंजेक्शनांत बहुधा डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड असते. पित्तात आढळणारे हे आम्ल चरबीच्या पेशींचे आवरण फोडते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली ती हनुवटीखालच्या चरबीपुरती, गाठींसाठी नव्हे. जाहिरातीत नेमके हेच गाळलेले असते. गाठीत स्टिरॉइड टोचण्याचीही पद्धत आहे. त्याने लहान गाठ आकसू शकते, पण वरची त्वचा पातळ होऊन तिथे खळगा किंवा पांढरट डाग उरू शकतो. दोन्हींत गाठीचा काही भाग आत राहिला, तर ती पुन्हा वाढू शकते.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. शस्त्रक्रियेने काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतून पॅथॉलॉजीकडे जाते आणि ती निव्वळ चरबी होती की आणखी काही, हे लेखी कळते. इंजेक्शनने जे विरघळले त्याचा अहवाल कोण देणार? अशी चार इंजेक्शने घेऊन आलेल्या एका रुग्णाच्या पाठीवर बोटाखाली सरकणारी मऊ गाठ लागलीच नाही, लागला तो टणक, चिकटलेला व्रण. आणि कोणते औषध टोचले, याचा चिटोराही त्यांच्याजवळ नव्हता. गाठ लहान, वरवरची व सोनोग्राफीने पडताळलेली असेल आणि शस्त्रक्रिया टाळण्यास सबळ कारण असेल, तर हा पर्याय शल्यचिकित्सकांशी बोलून ठरवावा, पार्लरच्या मागच्या खोलीत नव्हे.

प्रश्न : अंगावर बारीक दहा-बारा गाठी आहेत, वडिलांनाही होत्या. कर्करोग होईल का? (पंचवटी)

उत्तर : अशी आनुवंशिकता असते आणि बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, एकदा दाखवून घ्या.

प्रश्न : खांद्यावरची जुनी गाठ दोन महिन्यांत वाढून मुठीएवढी झाली. फवारणीच्या पंपाचा पट्टा तिच्यावर घासतो. द्राक्षांचा हंगाम उरकून दाखवली तर चालेल का? (निफाड)

उत्तर : चालणार नाही. पट्ट्याला दोष देऊन थांबू नका. पाच सेंटिमीटरहून मोठी, झपाट्याने वाढणारी, दुखणारी, टणक किंवा खोलवर चिकटलेली गाठ चरबीचीच आहे, असे गृहीत धरता येत नाही. आधी सोनोग्राफी, गरज भासल्यास एमआरआय आणि सुईने तुकडा घेऊन तपासणी, मगच उपचार. तोवर त्यात कोणालाही काहीही टोचू देऊ नका. पंप तूर्त दुसऱ्याच्या पाठीवर द्या, याच आठवड्यात शल्यचिकित्सकांना भेटा आणि जुना सोनोग्राफी अहवाल असेल तर सोबत न्या.