लिटरेचर रिव्ह्यू: कोण कोणाशी भांडतंय ते आधी शोधा

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते, अर्थशास्त्रात पीएचडीचं रजिस्ट्रेशन होऊन दोन वर्षं झाली. विषय आहे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. लॅपटॉपमध्ये दोनशेच्या वर पीडीएफ जमल्यात, त्यातल्या साठेक वाचून झाल्यात. दुसरा चॅप्टर म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू (विषयावर आधी झालेल्या लिखाणाचा आढावा) गाइडनी दोनदा परत पाठवला, "ही यादी झाली, रिव्ह्यू नाही" एवढंच म्हणाले. आता दोन महिन्यांत द्यायचाय आणि मला रोज रात्री मुलं झोपल्यावर दीड तास मिळतो फक्त. उरलेल्या सगळ्या पीडीएफ वाचून होणं शक्य नाही. काय करू?
— एक वाचक, बीड

उत्तर: ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की उरलेल्या पीडीएफ वाचल्या की चॅप्टर सुधारेल. नाही सुधारणार. साठ वाचून यादी झाली तर दोनशे वाचून मोठी यादी होईल. माझ्याही पहिल्या ड्राफ्टला हेच ऐकावं लागलं होतं, मी एका लेखकाला एक परिच्छेद असं चाळीस पानं लिहिलेली आणि माझ्या गाइडनी पहिल्याच पानावर पेन्सिलने लिहिलं होतं, "यात कोण कोणाशी भांडतंय?" त्या एका ओळीने मला जे कळलं ते तेव्हाच्या कुठल्याच वर्कशॉपमध्ये कळलं नव्हतं, म्हणून तेच तुम्हाला सांगतेय, आणि तुमचाच विषय घेऊन सांगते म्हणजे हवेत राहणार नाही.

तुमचा विषय फार श्रीमंत आहे. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, पाझर तलाव, हे तुमच्याकडे घराघरात आठवणीत असेल. पण रिव्ह्यूसाठी "रोहयोवर (रोजगार हमी योजनेवर) कोणी काय लिहिलं" हा प्रश्नच नाही, तो ढिगारा आहे. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर दोन माणसं वेगवेगळं देतील. उदाहरणार्थ, "मागेल त्याला काम" ही हमी खरंच हमी होती का? किंवा, या योजनेचा फायदा नक्की कोणाला झाला, मजुराला की ज्याच्या शेताजवळ पाझर तलाव झाला त्याला? असे दोन किंवा फार तर तीन प्रश्न कागदावर लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. पहिले दोन-तीन दिवस फक्त यालाच द्या, वाया गेले असं वाटेल पण नाही जात.

आता बघा तुमच्याकडे असलेलेच लोक या प्रश्नांभोवती कसे बसतात. अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ यांनी १९७२-७३ च्या दुष्काळावर जे लिहिलं त्यात मुख्य मुद्दा असा की महाराष्ट्रात भूकबळींचं मोठं संकट टळलं ते रेशनच्या धान्यापेक्षा सार्वजनिक कामांवर मिळालेल्या मजुरीमुळे, हातात पैसा आला म्हणून धान्य बाजारातून गावात पोचलं. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते, हा आकडा तुमच्या चॅप्टरमध्ये यायलाच हवा. म्हणजे हे झालं योजनेच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं, पण ते दुष्काळी कामांबद्दलचं आहे हे लक्षात ठेवा, कायद्याच्या हमीबद्दलचं नाही, कारण रोहयोचा कायदा १९७७ चा आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. खूप थिसिसमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ होते. तुम्ही नुसता हा फरक स्वच्छ मांडलात तरी तुमचा रिव्ह्यू चार जणांपेक्षा पुढे जाईल.

मग रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांचा १९८३ चा पेपर, ते वर्गाच्या अंगाने बघतात आणि म्हणतात की ग्रामीण गरिबांसाठीची ही योजना जमीनवाल्यांनाही सोयीची आहे, कारण बांध, रस्ते, तलाव ही जी मत्ता तयार होते ती शेवटी जमिनीला चिकटते. इथे एक धागा जोडा, या योजनेच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, म्हणजे तुमच्या पगारातून दर महिन्याला जो प्रोफेशन टॅक्स कापला जातो तोच. शहरातला पगारदार पैसे देतो, काम गावात निघतं आणि मत्ता कोणाच्या शेताजवळ राहते, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. त्याच वर्षी, १९८३ मध्ये, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून कुमुदिनी दांडेकरांचा अभ्यास आला, त्यांनी बघितलं कामावरच्या बायकांकडे, आणि त्यातून चित्र वेगळं दिसतं, घराजवळ काम मिळणं हे बायकांसाठी काय होतं ते कळतं. आणि दहा वर्षांनी मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९८८ ची मजुरीवाढ घेतली. किमान वेतन दुप्पट झालं तशी रोहयोची मजुरीही वाढली, मग कामावर लोक वाढायला हवे होते, पण उलट हजेरी घटली. त्यांचं म्हणणं असं की काम मागणारे होते पण काम पुरेसं काढलं गेलं नाही, म्हणजे हमी पातळ झाली.

दिसतंय ना भांडण? हेच चॅप्टरच्या पोटात जायला हवं. तुमचा आत्ताचा परिच्छेद बहुतेक असा असणार: "हेरिंग व एडवर्ड्स (१९८३) यांनी रोहयोचा अभ्यास केला. दांडेकर (१९८३) यांनी स्त्रियांच्या सहभागाचा अभ्यास केला. रॅव्हॅलियन व इतर (१९९३) यांनी मजुरीवाढीचा अभ्यास केला." आता हाच मजकूर असा करून बघा: "रोहयोचा लाभ कोणाला झाला यावर अभ्यासकांत एकमत नाही. हेरिंग व एडवर्ड्स (१९८३) तयार झालेल्या मत्तेकडे बघून जमीनधारकांच्या लाभावर बोट ठेवतात, तर दांडेकर (१९८३) मजुरीकडे आणि ती मिळवणाऱ्या स्त्रियांकडे बघतात. दोघांचे निष्कर्ष वेगळे आहेत कारण दोघांनी मोजलेली वस्तू वेगळी आहे. मात्र दोघेही काम मिळतं हे गृहीत धरतात, आणि १९८८ नंतर नेमकं तेच गृहीत डळमळलं असं रॅव्हॅलियन व इतर (१९९३) दाखवतात." लेखक तेच, वर्षं तीच, पण आता वाक्याचा कर्ता मुद्दा आहे, लेखक नाही. आणि शेवटचं वाक्य जिथे थांबतं तिथून तुमचं काम सुरू होतं. अर्थात हे मी नमुन्यादाखल लिहिलंय, मूळ पेपर उघडून, पान नंबर बघून, तुमच्या वाचनातून ते तपासून घ्या. सहमत नसाल तर तसं लिहा, तेच तर हवंय.

हे जमवायला एक तक्ता करा. एक्सेलमध्ये करा नाहीतर मुलांच्या वहीतलं मोठं पान घ्या, आडव्या ओळीत पेपर, उभ्या रकान्यात तुमचे प्रश्न: कुठला जिल्हा, कुठली वर्षं, काय मोजलं, हमीबद्दल काय म्हणणं, लाभाबद्दल काय म्हणणं, आणि शेवटचा रकाना "माझ्या मते कुठे कमी पडतो". वेबस्टर आणि वॉटसन यांनी २००२ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या संशोधकांसाठी असाच संकल्पनांचा तक्ता सुचवला होता आणि तो कुठल्याही विषयाला चालतो. वाचलेल्या साठ पेपरची प्रत्येकी एक ओळ भरा, एका रात्रीत सहा-सात होतात, म्हणजे नऊ-दहा रात्री. भरताना जो रकाना सतत रिकामा राहील तिकडे नीट बघा. समजा १९९० नंतर फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली त्याबद्दल मराठवाड्यातलं काहीच सापडत नाही असं तुम्हाला दिसलं, तर ती तुमची रिसर्च गॅप, म्हणजे आधीच्या संशोधनात राहिलेली जागा, पण "माझ्या शोधात सापडलं नाही" आणि "कोणी केलंच नाही" यातला फरक ठेवूनच लिहा.

न वाचलेल्या दीडशे पीडीएफचं काय, तर प्रत्येकीला पाच मिनिटं. सारांश, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद (लेखक बहुतेक तिथेच आपला दावा सांगतो), तक्ते आणि निष्कर्ष. तुमच्या दोन-तीन प्रश्नांपैकी एकालाही हात लावत नसेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि विसरा. मला वाटतं पंचवीस-तीस उरतील, त्यातल्याही दहा-बाराच शब्दन्‌शब्द वाचाव्या लागतील. नवीन शोधायचं असेल तर गूगल स्कॉलरवर द्रेझ किंवा हेरिंग-एडवर्ड्स काढा आणि त्यांना पुढे कोणी कोणी उद्धृत केलंय ती लिंक उघडा, शिवाय त्यांच्या संदर्भसूचीतून मागे जा. दोन्ही बाजूंनी तीच तीच नावं परत यायला लागली की थांबायचं.

शोधताना शब्द बदला हे मात्र फार महत्त्वाचं. सत्तरच्या दशकातलं लिखाण "स्कॅर्सिटी" आणि "रिलीफ वर्क्स" या नावाने सापडतं, ऐंशीनंतर "ईजीएस" (एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम), आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्यानंतर सगळं "नरेगा" खाली वाहून जातं. योजनेचे जनक वि. स. पागे, पण इंग्रजीत त्यांचं आडनाव टाकलं की जगातलं प्रत्येक "पेज" समोर येतं, तेव्हा त्यांच्यासाठी मराठीतून शोधा. आणि मराठी साहित्य सोडू नका प्लीज! विधिमंडळातली भाषणं, सरकारी अहवाल, तेव्हाची वर्तमानपत्रं, शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवरचे मराठीतले प्रबंध, हे परदेशातल्या अभ्यासकाला सहज मिळत नाही, तुम्हाला मिळतं. गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत दोन दिवस काढता आले तर नक्की काढा.

आणि लिहायला वाचन संपायची वाट बघू नका. दीड तासातली शेवटची वीस मिनिटं रोज लिहायचं, वाईट का होईना. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून टाका, फुकट आहे आणि देवनागरी नोंदीही घेतं. चॅटबॉटला संदर्भ विचारत असाल तर अतिशय जपून, तो हुबेहूब खऱ्यासारखे दिसणारे पण अस्तित्वातच नसलेले पेपर देतो, जो पेपर स्वतः उघडून बघितला नाही तो सूचीत घालायचा नाही.

प्रश्न: मी एम.एस्सी. नर्सिंगला आहे. मॅडम म्हणाल्या रिव्ह्यू प्रिस्माप्रमाणे करा. मी एकटीच करतेय, तर त्याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणू का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: एकटीने करत असाल तर शक्यतो म्हणू नका. प्रिस्मा ही रिव्ह्यू कसा केला ते कळवायची पद्धत आहे, २००९ मध्ये आली, २०२० मध्ये सुधारली, त्यात २७ मुद्द्यांची चेकलिस्ट आणि किती पेपर सापडले, किती गाळले, का गाळले याचा फ्लो डायग्रॅम असतो. पण सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत पेपर निवडायचं काम साधारणपणे दोन जणी एकमेकींचं न बघता करतात आणि मग मतभेद मिटवतात, म्हणजे एकीच्या आवडीनिवडीने पेपर निवडले जात नाहीत. एखादी मैत्रीण निवडीपुरती मिळाली तर उत्तम. नाहीतर "नॅरेटिव्ह रिव्ह्यू, पण शोध पद्धतशीर" असं प्रामाणिकपणे लिहा, त्यात कमीपणा नाही. फक्त पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट) कुठल्या तारखेला काय शब्द टाकून शोधलं ती ओळ जशीच्या तशी कॉपी करून ठेवा, त्याच दिवशी, कारण महिन्याने ती आठवत नाही आणि व्हायवात पहिला प्रश्न तोच येतो.

प्रश्न: माझा प्रबंध मराठीतून आहे, पण पेपर सगळे इंग्रजी. एकेका पेपरला तीन-तीन दिवस जातात. भाषांतर करून टाकलं तर चालेल का, कॉपी पकडायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर पकडलं जात नाही.
— एक वाचक, नांदेड

उत्तर: नाही चालणार. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही हे खरं, पण ती टक्केवारी सॉफ्टवेअरची आहे. दुसऱ्याचं वाक्य मराठीत आणलं तरी विचार त्याचाच, आणि तुमच्या परीक्षकाने मूळ पेपर वाचलेला असतो. शिवाय भाषांतरातच तुमचे ते तीन दिवस जातायत. त्यापेक्षा पेपर वाचून झाला की मिटवा, आणि मित्राला फोनवर सांगाल तसं मराठीत चार-पाच वाक्यं लिहा: याने काय विचारलं, कसं शोधलं, काय मिळालं, मला काय पटलं नाही. नाही जमलं तर पेपर कळलेला नाही, परत उघडा. ही चार-पाच वाक्यंच पुढे चॅप्टरमध्ये जातात, संदर्भासकट, आणि ती तुमचीच असतात.

पारिभाषिक शब्दांवर अडत असाल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा, एका संकल्पनेला एकच मराठी शब्द ठरवा आणि प्रबंधभर तोच वापरा. पहिल्या दहा पेपरना वेळ लागेलच, नंतर तेच तेच शब्द परत येतात आणि वेग येतो. अडीचशे पानांचं पुस्तक असेल तर मात्र अनुक्रमणिका बघून तुमच्या प्रश्नाचं एकच प्रकरण वाचा.