आईसाठी स्वतः लाकडी पेटी करायची आहे, सुतारकाम कधीच केलेलं नाही. महिनाभरात जमेल का?

जमेल. फक्त बिजागऱ्यांच्या नादी लागू नका. बिजागरी केसभर तिरकी बसली तरी झाकण तिरकं दिसतं, आणि तेही नेमकं समोरून. त्यापेक्षा सरकतं झाकण करा: बाजूच्या फळ्यांना आतून खाच, त्यात पातळ फळी.

मीही आईसाठी सुईदोऱ्याची अशीच पेटी केली होती, ऐन उन्हाळ्यात. झाकण इतकं चपखल बसलं की दिवसभर मीच त्याची उघडझाक करत होतो. पावसाळ्यात आईचा फोन: "अरे, तुझी पेटी उघडेना, बटण लावायचंय मला." शेवटी लाटण्याने ठोकून उघडली म्हणे. मग मी झाकणाच्या डाव्या कडेला रंधा मारला. त्या कडेला पुन्हा तेल लावायचं राहून गेलं, ती अजून फिकट आहे. आई त्या कडेवरूनच झाकणाची बाजू ओळखते.

झालं होतं असं, की दमट हवेत लाकूड फुगतं. लांबीला जवळजवळ नाहीच, लाकडाच्या अंगच्या रेषांना आडवं फुगतं. सागाची 10 सेंटिमीटर रुंद फळी कोरड्या दिवसांतून दमट दिवसांत गेली की मिलिमीटरभर सहज रुंदावते. माझ्या झाकणाला तेवढीही जागा नव्हती. तेव्हा झाकणाच्या रेषा सरकण्याच्या दिशेने असतील आणि काम कोरड्या दिवसांत करत असाल, तर रुंदी दीडेक मिलिमीटर कमीच धरा. खुळखुळेल थोडं, खुळखुळू दे. तळाची फळीसुद्धा खाचेत मोकळी ठेवा. चारही बाजूंनी गोंदाने जखडली तर फुगून कोपरे उचकटते. (प्लायवुडला हा त्रास जवळपास नाही, पण त्याच्या थरांच्या कडा भेटवस्तूत मला तरी बघवत नाहीत.)

लाकूड मात्र आजच आणा आणि फळ्यांच्या मध्ये काड्या घालून आठ-दहा दिवस घरात नुसतं पडू द्या.

घासण्याआधी फळीभर पेन्सिलीने वेड्यावाकड्या रेघोट्या मारा. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने त्या सगळ्या गेल्या की पुन्हा मारा आणि 120 घ्या, मग 220. हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवा. आडवे ओरखडे आधी दिसत नाहीत, तेल लागलं की उठून दिसतात. आतल्या बाजू जोडणीआधीच घासून घ्या, नंतर कोपऱ्यात बोट शिरत नाही. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा, वाळला तर तिथे लाकूड तेल पीत नाही आणि डाग राहतो.

तेलासाठी शेवटचा आठवडा मोकळा ठेवा. जवसाचं कच्चं तेल वाळता वाळत नाही, लवकर वाळणारं म्हणून विकतात ते घ्या. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, बोळ्यात उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेटू शकते. एकेक सुटी पसरून बाहेर वाळवा, कडक झाली की मग टाका.