पाणीपुरवठा विभागाचं पहिलं बजेट करताना

गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा टक्के चढवून मोकळे होऊ नका. आधी वीजबिलं काढा. धरणातून पाणी उपसून आणणाऱ्या शहरात देखभालीतला सगळ्यात जड आकडा बहुधा विजेचाच असतो. महावितरणचं बिल पंपिंग स्टेशननुसार समोर ठेवा: मंजूर मागणी (महावितरणशी करारात ठरलेला वीजभार) किती, प्रत्यक्ष किती गेली, दंड कुठे लागला. पंप बदलायचा प्रस्ताव याच कागदांवर उभा राहतो. नुसतं ‘पंप जुना झालाय’ म्हटलं तर लेखा विभाग फाइल परत पाठवतो.

माणसांचं म्हणाल, तर आकृतिबंधातली, म्हणजे विभागाच्या पदरचनेतली, मंजूर पदं पाहून फसू नका. भरलेली किती आणि येत्या दोन वर्षांत निवृत्त होणारे किती, ते मोजा. विशेषतः व्हॉल्व्हमन. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की शेवटच्या घरापर्यंत पाणी चढतं, हे नकाशात नसतं, त्यांच्या हातात असतं. ते जाण्याआधी सहा महिने तरी नवा माणूस त्यांच्यासोबत फिरवा, आणि सगळं वहीत उतरवून घ्या.

मलनिःसारणाच्या तरतुदीला मात्र कात्री लागू देऊ नका. गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं मरतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. जेटिंग (पाण्याच्या जोराने गटार मोकळं करणाऱ्या) आणि सक्शन (गाळ शोषून घेणाऱ्या) गाड्या, चालक, डिझेल, दुरुस्ती हे सगळं वेगळं दाखवा. ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ आणि विमा निविदेतच धरा. गाडी बंद आहे म्हणून माणूस उतरवा, असं कुणीही सांगितलं तर लेखी नकार द्या.