धाकटा भाऊ पोलीस भरतीसाठी पळतो आणि रोज दोन एनर्जी ड्रिंक पितो, काही धोका आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ १७ चा आहे, वजन ५० किलोच्या आसपास, पहाटे ग्राउंडला जायच्या आधी एक बाटली आणि रात्री अभ्यासिकेत बसला की दुसरी, आणि काही बोललं की "त्यात व्हिटॅमिन असतात" म्हणतो. मी पण घरी हेच सांगायचो. तीन वर्षं भरतीच्या मागे होतो, आता सकाळी गावातल्या पोरांना पळवतो. डॉक्टर नाहीये मी, पण ह्या विषयावर बरंच वाचलंय आणि स्वतः भोगलंय सुद्धा.

धोका आहे. आणि जास्त धोका रात्रीच्या बाटलीचा आहे.

कसं ते सांगतो. जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते वाढलं की दमल्यासारखं वाटतं, झोप येते. ह्या ड्रिंकमधलं कॅफिन नेमकं त्याच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणजे अ‍ॅडेनोसिन असतंच पण त्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. थकवा गेलेला नसतो, फक्त तो कळायचा बंद झालेला असतो. आणि पळणाऱ्या पोराला थकवा कळलाच पाहिजे, नाहीतर थांबायचं कधी हे त्याला समजणार कसं.

आता रात्री ९ ला प्यायलेल्या बाटलीचं बघा. कॅफिन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे रात्री २ वाजता पण निम्मं अंगात. पोरगा १२ ला आडवा होतो पण झोप लागत नाही, लागली तरी कच्ची, साडेचारला अलार्म, उठवत नाही म्हणून परत बाटली, ती पिऊन ग्राउंड, दुपारी वर्गात पेंगतो, रात्री अभ्यास होत नाही म्हणून परत बाटली. हे चक्र मी जवळजवळ एक वर्ष चालवलं. आणि सगळी मेहनत तिथंच वाया जाते, कारण स्नायूंची झीज भरून निघते ती झोपेत, पाठ केलेलं डोक्यात पक्कं बसतं ते पण झोपेत. १६०० मीटरला २० मार्क असतात, मी दोन वर्षं त्याच टायमिंगवर अडकलो होतो आणि खुराक वाढवत होतो. झोपेचा विचारच कधी केला नाही.

एका सकाळी शेवटच्या राउंडला छातीत एवढी धडधड सुरू झाली की ठोके कानात ऐकू यायला लागले, डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी ट्रॅकवरच बसलो. रिकाम्या पोटी बाटली मारून पळत होतो, पाणी घोटभर पण प्यायलो नव्हतो. सरकारी दवाखान्यात ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, झोपतो किती? मी म्हणालो चार तास. आईचा चेहरा अजून आठवतो.

आता आकडे. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (खाण्यापिण्याचे नियम ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) नियमात ह्याचं नाव एनर्जी ड्रिंक नाहीच, कॅफिनेटेड बेव्हरेज आहे. लिटरला ३०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ पर्यंत. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी दिवसाला किलोमागे ३ मिलीग्रॅम ही मर्यादा धरली. ५० किलोला १५०. दोन बाटल्यांत तेवढं झालं, वर चहा वेगळाच. आणि आपल्याकडच्या बाटलीवर छापलेलंच असतं की लहान मुलांसाठी शिफारस नाही, फक्त इतक्या बारीक अक्षरात की २० रुपये देऊन घेणारं पोरगं ते बघत नाही.

तो म्हणेल चहात पण कॅफिन असतं. असतं, कपाला ३० ते ५० धरा. पण चहा गरम असतो, फुंकून फुंकून पितो आपण. थंड गोड बाटली दोन मिनिटात खाली होते.

हृदयाबद्दल घाबरवत नाही, निरोगी पोरानं कधीतरी एक प्यायली तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण २०१९ मध्ये अमेरिकेत ३४ निरोगी लोकांना तासाभरात जवळपास एक लिटर एनर्जी ड्रिंक पाजून ईसीजी काढले तेव्हा क्यूटी नावाचं अंतर (प्रत्येक ठोक्यात हृदय परत तयार व्हायला लागणारा वेळ) वाढलेलं दिसलं, आणि ते फार वाढलं तर ठोके बिघडू शकतात. काहींना जन्मापासून हृदयाचा दोष असतो आणि घरात कुणाला माहीतच नसतो. म्हणून भावाला विचारा, पळताना कधी चक्कर, बेशुद्धी, छातीत दुखणं झालंय का, आणि घरात कुणी कमी वयात अचानक गेलंय का. एकाला जरी हो आलं तर आधी डॉक्टर, मग ग्राउंड. दम्याची गोळी चालू असेल तर ते पण सांगा, काही गोळ्यांत थिओफिलीन नावाचं औषध असतं, ते आणि कॅफिन एकत्र जड जातं.

अजून एक, खूप पोरं ह्याला ओआरएससारखं समजतात. अजिबात नाही. घाम गेल्यावर पाणी, मीठ-साखर-लिंबू किंवा मेडिकलमधलं ओआरएस. काही कॅनमध्ये २५० मिलीला २७ ग्रॅम साखर असते, सहा-सात चमचे होतात.

जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे अन्न आणि औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम म्हणाले होते की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या ड्रिंकवर बंदीचा आदेश काढू. पोलंडमध्ये तर १ जानेवारी २०२४ पासून १८ च्या आतल्यांना विकतच नाहीत. पण भरतीचं ग्राउंड म्हणजे शाळा नाही, समोरच्या टपरीवर फ्रीज भरलेलाच असतो.

एकदम बंद करायला लावू नका. डोकं ठणकेल, चिडचिड होईल, दोन दिवस जास्त आणि मग आठवडाभरात उतरतं, पण त्या दोन दिवसात तो म्हणेल बघ मला ह्याशिवाय जमत नाही. आधी रात्रीची बंद, सकाळची निम्मी, मग तीपण बंद. पळायच्या अर्धा-पाऊण तास आधी केळं नाहीतर दोन खजूर आणि पाणी. माझी पोरं आता नऊ-साडेनऊला झोपतात, अभ्यास दुपारी करतात. भावाला एवढंच सांगा की पंधरा दिवस सात तास झोप आणि मग घड्याळ लावून १६०० पळ. हवं तर मला मेसेज करायला सांगा, मी बोलतो त्याच्याशी.