आईच्या रिपोर्टातला ‘ग्रेड ३’

प्रश्न : आईचं वय ६१. स्तनातली कॅन्सरची गाठ काढल्यावरचा रिपोर्ट असा : २.२ सेंमी, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, ग्रेड ३ (३+३+२). सर्जन म्हणतात, स्टेज दोन. तीन खरं की दोन? बायोप्सीत तर ग्रेड २ लिहिलं होतं. लॅब चुकली का?
– एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही खरं. गाठ केवढी आणि कुठवर पोचली ते स्टेज सांगते. पेशी मायक्रोस्कोपखाली कशा दिसतात ते ग्रेड. ग्रेडला चौथी पायरी नसतेच, तेव्हा ‘तीननंतर चार’ ही धास्ती आधी सोडा.

कंसातले आकडे एल्स्टन आणि एलिस यांनी नॉटिंगहॅमला पक्क्या केलेल्या पद्धतीचे (१९९१). पहिला नळ्यांचा. निरोगी स्तनातल्या पेशी नळ्या रचतात. गाठीच्या ७५ टक्क्यांहून अधिक भागात त्या दिसल्या तर १, दहाहून कमी भागात तर ३. दुसरा, केंद्रकं किती वेडीवाकडी. तिसरा, विभाजन होताना सापडलेल्या पेशींचा. मला, पॅथॉलॉजिस्टला, सगळ्यात छळतो तो हाच. गाठ फॉर्मलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात, पडायला उशीर झाला की मरू घातलेल्या पेशींची आकसलेली, काळी केंद्रकं विभाजनासारखी भासतात, आणि खरी विभाजनं ओळखू येईनाशी होतात. म्हणून ऑपरेशन थिएटरला आम्ही सतत बजावतो : तासाभरात फॉर्मलिन! बेरीज ५ पर्यंत ग्रेड १, ६-७ ला २, ८-९ ला ३.

लॅब चुकली असं मी म्हणणार नाही. विभाजनं बहुधा गाठीच्या कडेला जास्त असतात, आणि बायोप्सीत सुईने काढलेल्या बारीक तुकड्यात ती कमी सापडू शकतात. पूर्ण गाठीवरचा ग्रेड धरा.

त्याचं वजन किती? आजार पुढे कसा वागेल याचा नॉटिंगहॅमचाच हिशेब आहे : सेंमीतला आकार गुणिले ०.२, अधिक ग्रंथींचा अंक (स्वच्छ असल्या तर १), अधिक ग्रेड. आईचे ०.४४+१+३ = ४.४४, म्हणजे मध्यम गट. ग्रेड १ असता तर २.४४, चांगला गट. इतका फरक केवळ पेशींच्या रूपाने पडतो. पण हा आकडा गटाचा अंदाज देतो, आईचं भविष्य नव्हे. त्यात ईआर, पीआर (पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींवरचं एक प्रथिन) धरलेलेच नाहीत, आणि उपचार मुख्यतः त्यांवर ठरतात. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. रिपोर्ट आले नसतील तर आजच विचारा.

दुसरं मत घ्यायला टाटाला जाणार असाल तर नुसता कागद नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या.