अर्टिगात दोन चाइल्ड सीट आणि आजी, कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी पाच महिन्यांची, धुळे-जळगाव सतत ये-जा, सोबत आजी. आमच्याकडेही हीच गाडी आहे, म्हणून सांगतो.

आधी सीट कव्हर बघा. आम्ही गाडी घेतली त्याच आठवड्यात लेदरची कव्हरं घातली. आयसोफिक्सच्या कड्या (चाइल्ड सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायच्या) पाठ आणि बैठक मिळतात त्या फटीत असतात. कव्हरवाल्याने त्यांच्यावरूनच कव्हर ताणलं होतं. कड्या नाहीतच असं समजून मी पाच महिने चाइल्ड सीट गाडीच्या बेल्टनेच बांधली. बेल्टनेही पक्की बसते, पण सीटवर गुडघा रोवून बेल्ट ओढावा लागतो, आणि मी तो वरवर ओढत होतो. पारोळ्याच्या पुढे एका गतिरोधकावर सीट पोरासकट कलली. घरी येऊन फटीत बोटं घातली तर कव्हरखाली कडी लागली. ब्लेडने चिरा दिल्या.

दोन्ही सीट मधल्या रांगेत, खिडकीकडच्या बाजूंना. मुलीची तोंड मागे करून, निदान १५ महिन्यांपर्यंत. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर कधीच नाही. कडीत अडकवल्यावर क्लिपची खूण हिरवी झाली तरी सीट खालून धरून हलवा, बोटभराहून जास्त सरकायला नको. चाइल्ड सीटला वरचा पट्टा असेल तर त्याची गाडीतली कडी मॅन्युअलमध्ये बघून शोधा. सामान अडकवायचा हुक म्हणजे ती कडी नव्हे. खाली टेकणारा पाय असेल तर तिथली जाड सेव्हन-डी मॅट काढा, पाय थेट फरशीवर टेकला पाहिजे. मूल आणि सीट मिळून ३३ किलोच्या वर गेलं की आयसोफिक्स सोडून बेल्ट.

खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरा. चिमटीत आला तर सैल आहे. दुपट्यात गुंडाळून बसवू नका, आधी पट्टे, मग वरून दुपटं. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत बकलला आधी स्वतःचा हात लावा, तापलेलं असतं. मी गाडी उभी केली की सीटवर पांढरा पंचा टाकतो.

सीट बसवली की ती बाजू दुमडत नाही, त्यामुळे आजींना तिसऱ्या रांगेत पाठवायचा विचार सोडा. त्या पुढे, मुलांची आई मध्ये दोघांच्या फटीत (अडचण होते, होऊ द्या).

आमची आई मात्र 'पोऱ्या रडी ऱ्हायना, दे मन्हा मांडीवर' म्हणत एरंडोलपर्यंत भांडायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, हे सांगून काही झालं नाही. मग एकदा तिच्या मांडीवर पाच किलो कळण्याच्या पिठाची पिशवी दिली, म्हटलं घट्ट धर, आणि रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगात ब्रेक दाबला. पिशवी डॅशबोर्डखाली जाऊन फुटली. पुढे आठवडाभर मी मॅटमधून पीठ झटकत होतो.